घरची शुश्रूषा : कोणाची, किती आणि कोणत्या वेळी?

रुग्णाला घरी सोडण्याची तारीख निश्चित झाली की त्याचे आप्त समाजसेवा विभागात येतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात : "घरी नर्स ठेवावी की मावशी?" प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याचे उत्तर रुग्णाचा आजार, घरातील माणसांच्या कामाच्या वेळा आणि घराची ऐपत या तिन्हींवर अवलंबून असते. यांपैकी पहिली बाब डॉक्टर सांगू शकतात. उरलेल्या दोन कुटुंबानेच मांडावयाच्या असतात, आणि त्या सहसा मांडल्याच जात नाहीत. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांच्या हाती हा अहवाल जात असल्याने या विषयाचा थोडा विस्ताराने विचार येथे केला आहे.

आपल्या परिसरात हा प्रश्न अधिक बिकट होण्यास कारण आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि सातारा, सांगली, कोकण, खानदेश, मराठवाडा येथून तरुण कामगार येथे आले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाच्या पेठांत त्यांच्यापैकी अनेकांनी घरे बांधली. ती पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. भाऊबंद गावीच राहिले आणि मुले चाकण, तळवडे, हिंजवडीच्या वाटेला लागली. मुलाची पाळी दर आठवड्यास बदलते, सूनही नोकरी करते, आणि दोन खोल्यांच्या घरात रुग्णाजवळ उरते ती त्याची तितकीच थकलेली पत्नी. "घरी माणसे आहेत" असे सुटीच्या वेळी सांगितले जाते, तेव्हा ती नेमकी कोणत्या वेळी घरी असतात हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

एका कुटुंबाचा अनुभव, त्यांच्या संमतीने व ओळख न देता, येथे मांडतो. चिंचवडचे एक ७४ वर्षांचे निवृत्त टर्नर पक्षाघाताने उजव्या बाजूने लुळे झाले. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात, सून शाळेच्या कार्यालयात, पत्नीचे दोन्ही गुडघे दुखणारे. वडिलांसाठी काही कमी पडू नये म्हणून मुलाने चोवीस तासांची प्रशिक्षित परिचारिका ठेवली. सात आठवड्यांत साठवलेली रक्कम संपली आणि परिचारिकेस निरोप द्यावा लागला. गावाहून एक नातेवाईक आले, तेही पेरणीच्या दिवसांत परतले. त्यानंतर महिन्याभरात आजोबा पुन्हा आपल्याकडे दाखल झाले, ते माकडहाडाजवळ खोल शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर घेऊन.

परिचारिका असताना तिच्या शिक्षणाचा उपयोग होईल असे काम दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास होते. उरलेला वेळ कूस बदलणे, अंग पुसणे, भरवणे, डायपर बदलणे यांत जात होता. ही कामे कमी महत्त्वाची आहेत असे मुळीच नव्हे. आजोबांना व्रण झाला तो ती थांबल्यामुळेच. परंतु ती करण्यासाठी शिकवलेली मावशी किंवा मामा पुरेसे असतात. लघवीची नळी बदलणे, नाकातील नळी घालणे, शिरेतून औषध देणे, खोल जखमेचे ड्रेसिंग, गळ्यातील नळीची सफाई ही कामे मात्र नोंदणीकृत परिचारिकेचीच. पैसे वाचविण्याकरिता ती मावशींकडून करून घेऊ नयेत, आणि मावशी स्वतःहून तयार झाल्या तर विशेष सावध राहावे. इन्शुलिनचे इंजेक्शन घरच्या माणसाला शिकता येते आणि ते त्यानेच शिकावे हे उत्तम.

म्हणून आमचा आग्रह असा की, कोणास ठेवावे हे ठरविण्याआधी एका वहीत दिवसाचे चोवीस तास लिहून काढावेत. प्रत्येक तासासमोर रुग्णाला काय लागते आणि त्या वेळी घरी कोण असते ते लिहावे. पाळी बदलत असेल तर तीन पाळ्यांची तीन पाने करावीत. वरील कुटुंबाने अशी पाने केली तेव्हा जे दिसले ते आम्हांसही नवे होते. ब्युरोची बारा तासांची ड्युटी बहुधा सकाळी आठ ते रात्री आठ अशी असते. पहिल्या पाळीची कंपनीची बस मात्र पहाटेच निघते. सून सात वाजता बाहेर पडे. त्यामुळे आजोबांना स्वच्छतेची सर्वांत अधिक गरज असे त्याच वेळी घरात त्यांना उचलू शकेल असे कोणी नव्हते.

रात्रीचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागतो. "चोवीस तासांची मावशी" याचा अर्थ घरी राहणारी मावशी असा आहे, चोवीस तास जागी असणारी नव्हे. दर दोन तासांनी कूस बदलावयाची असेल तर दिवसभर राबलेल्या एकाच व्यक्तीकडून ते रात्रीही होईल ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि ती पुरीही होत नाही. रात्रीच्या पाळ्या घरच्यांनी वाटून घ्याव्यात किंवा रात्रीसाठी दुसरी व्यक्ती ठेवावी.

ब्युरोमार्फत माणूस घेतल्यास त्याच्या रजेच्या दिवशी बदली मिळण्याची सोय होते, पण खर्च वाढतो आणि चेहरे बदलत राहतात. ओळखीतून घेतलेली व्यक्ती रुग्णाच्या सवयीची होते, मात्र ती आजारी पडली तर सारेच अडते. दोन्ही प्रकारांत ओळखपत्र पाहावे, पोलीस पडताळणी करावी, परिचारिका असल्यास महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी तपासावी. वेतन, साप्ताहिक सुटी, जेवण आणि कामांची यादी लिहून ठेवावी. मावशींना झोपायला धड जागा नसते आणि वर घरची भांडीही घासावी लागतात, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. तेथे माणसे टिकत नाहीत याचे नवल वाटू नये.

आणि रुग्णास विचारावे. आजोबांची वाचा अस्पष्ट झाली होती, समज शाबूत होती. तरुण परिचारिकेकडून अंघोळ घालून घेण्यास ते अंग आखडून विरोध करीत. घरच्यांनी तो हट्ट समजला. पुरुष मदतनीस चालेल का, असे प्रथम विचारले ते आमच्या वॉर्डमध्ये, आणि त्यांनी डाव्या हाताने होकार दिला.

खर्चाविषयी थोडे. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून खुली झालेली आयुष्मान योजना रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या मदतनीसाचे वेतन तिच्यातून मिळत नाही. मुलगा राज्य कामगार विम्याखाली असल्यास त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना चिंचवडच्या मोहननगर येथील विमा रुग्णालयाचा लाभ घेता येतो. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ पासून विनामूल्य परिहार सेवा देत आले आहे. चाकण परिसरातील खेड्यांत आशाताई आणि आरोग्य उपकेंद्राशी संबंध ठेवावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

आजोबा दुसऱ्यांदा घरी गेले तेव्हा व्यवस्था अशी होती : जखमेसाठी परिचारिका दिवसाआड एक तास, सकाळी सहा ते दुपारी दोन मामा, दुपारनंतर सून, आणि रात्री मुलगा व सून आलटूनपालटून. मुलाच्या रातपाळीच्या आठवड्यात मात्र मामांना रात्रीचे वेगळे वेतन. हा खर्च पहिल्या व्यवस्थेच्या निम्म्याहून कमी आला. घरी जाण्यापूर्वी तीन दिवस मुलगा, सून आणि मामा यांना वॉर्डमध्ये बोलावून कूस बदलणे, खाटेवरून खुर्चीवर घेणे आणि बसवून भरवणे शिकविले. आडवे ठेवून भरविल्यास घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, हे त्यांना तोवर कोणी सांगितले नव्हते. आजीबाई खुर्चीवर बसून हे सारे पाहत होत्या. औषधांची वही त्यांनी स्वतःकडे मागून घेतली.

हवेची गादी व कमोड खुर्ची रुग्णोपयोगी साहित्य विभागातून अनामत रकमेवर देण्यात आली. जखम भरून येण्यास चार महिने लागले. आजोबा आता आधाराने खुर्चीवर बसतात. गादी परत आली, निर्जंतुक करून ती भोसरीच्या एका घरी गेली आहे, आणि तिच्यासाठी आणखी काही नावे प्रतीक्षेत आहेत.