लग्न मॉरिशसला, मग पुढचे तीन दिवस?

प्रश्न : भाचीच्या लग्नासाठी मॉरिशसला जातोय. नंतर आई-बाबांसह तीन दिवस राहायचंय. काय पाहावं?

उत्तर : बेट लहान आहे, हॉटेल न बदलता चालकासह गाडी ठरवा. पहिल्या दिवशी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहा. १८३४पासून भारतातून आलेले गिरमिटिया मजूर इथेच उतरत. त्यांत मराठी माणसंही होती. जवळच पांप्लमूसच्या बागेत महाकाय कमळपानं दिसतील. दुसऱ्या दिवशी गंगा तलाव आणि शामारेलची सप्तरंगी माती. ल मोर्नचा डोंगर मात्र किनाऱ्यावरूनच पाहा, चढण आई-बाबांना झेपणार नाही. तिसरा दिवस समुद्राला द्या. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेला वारा झोंबतो. तेव्हा पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक किनारा बरा. परतीची तिकिटं काढण्याआधी लग्नघरी विचारा, पूजेचा बेत नंतरही असतो!