हाडाची गाठ आणि घरची माहिती

मंडळी, आम्ही दोघेही सॉफ्टवेअरवाले. डॉक्टरकीशी आमचा संबंध आजवर फक्त इन्शुरन्सच्या बिलापुरता! पण यंदा मंडळ मुलांच्या उपचारांसाठी निधी जमवतंय म्हटल्यावर, गेल्या दोन वर्षांत आम्हाला जे शिकावं लागलं ते तुमच्यापुढे ठेवावं असं वाटलं.

आमचा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा. सॉकरचे मोजे काढताना गुडघ्याखाली, आतल्या बाजूला काहीतरी टणक हाताला लागलं. दुखत नव्हतं, लाल नव्हतं, दाबलं तरी हलत नव्हतं. 'बॉल लागला असेल' म्हणून आम्ही तीन महिने सोडून दिलं. मग एक्स-रे झाला आणि नाव कळलं – ऑस्टिओकाँड्रोमा. 'ट्यूमर' हा शब्द ऐकल्यावर त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही हे सांगायला नकोच.

हा ट्यूमर कूर्चेचा. कूर्चा म्हणजे मटणात कुरकुरीत लागतं ना, तेच! मुलांची हाडं टोकाजवळच्या कूर्चेतून लांब होतात. तिथे वाढ भलतीकडे गेली की गाठ होते. यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. मुख्य प्रकार असे :

१. ऑस्टिओकाँड्रोमा – सगळ्यात जास्त आढळणारा. हाडावर बाहेरच्या बाजूला वाढतो, बहुधा गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ. सहसा दुखत नाही. स्नायू किंवा नस घासली, दबली तर दुखतं किंवा मुंग्या येतात. मुलाची उंची वाढायची थांबली की हाही थांबतो.

२. एनकाँड्रोमा – हाडाच्या आत, बऱ्याचदा हाताच्या बोटांत. लक्षण काहीच नसतं. किरकोळ धक्क्याने बोट मोडतं आणि एक्स-रेमध्ये हा दिसतो.

३. काँड्रोब्लास्टोमा – दुर्मिळ. साधारण १० ते २५ वर्षं वयात, हाडाच्या अगदी टोकाशी, सांध्याला लागून होतो. हा मात्र दुखतो. सांधा सुजतो, आखडतो, आणि खेळातली दुखापत समजून महिने निघून जातात.

आता डॉक्टरांना काय सांगायचं? आम्ही ऑफिसात म्हणतो, बग रिपोर्ट नीट असेल तर अर्धं काम झालं. इथेही तसंच! गाठ पहिल्यांदा कधी दिसली, तेव्हापासून किती वाढली, दुखतं का, दुखलं तर हालचाल केल्यावर की झोपेतही, मुंग्या येतात का, सांधा पूर्ण वाकतो का, आधी मार लागला होता का – हे सगळं तारखांसकट लिहून न्या. महिन्याला एक फोटोही काढून ठेवा.

आम्ही यात पास झालो. नापास झालो ते शेवटच्या प्रश्नात – 'घरात आणखी कुणाला?' फॉर्मवर आम्ही बिनधास्त 'नाही' लिहिलं. रात्री भारतात फोन केला तर आई म्हणाली, "अरे, ह्यांच्या मनगटाला नाही का हाड वर आलेलं! बैलाने ढुशी दिली तेव्हापासूनचं म्हणतात." मग आमच्यापैकी एकाने स्वतःचा खांदा चाचपला. लहानपणी क्रिकेटचा बॉल लागल्याची खूण समजत होतो, ती पण गाठच निघाली!

पुढे मुलाच्या दुसऱ्या पायातही एक सापडली. एकाहून जास्त गाठी घराण्यात चालत येतात तेव्हा बहुधा इएक्सटी-१ किंवा इएक्सटी-२ या जनुकात बदल असतो. आई-बाबांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता ५० टक्के. अशा गाठी पुढे कॅन्सरकडे वळण्याचा धोका कमी असला तरी एकट्या गाठीपेक्षा जास्त असतो. म्हणून नियमित तपासणी हवी. उंची वाढायची थांबल्यावरही गाठ वाढू लागली, किंवा न दुखणारी दुखू लागली, तर थांबू नका. आणि कोणतीही गाठ तेल लावून चोळू नका!

आमच्या मुलाला अजून ऑपरेशन लागलेलं नाही. सहा महिन्यांनी तपासणी असते. परवा व्हिडिओ कॉलवर आजोबांनी मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं, नातवाने गुडघा वर केला, आणि दोघं खूप हसले. ८० वर्षांत आजोबांच्या मनगटाचा एकही एक्स-रे झाला नव्हता. तो या वर्षी झाला.

आपण साता समुद्रापार आलो, पण आपली मेडिकल हिस्टरी गावाकडे आई-बाबांच्या आठवणीतच राहिली. ते सांगू शकतात तोवर विचारून घ्या, लिहून ठेवा. आणि तिकडे एखाद्या मुलाची गाठ 'मार लागला असेल' म्हणून राहून जाऊ नये, त्याचा पहिला एक्स-रे वेळेत व्हावा, यासाठी मंडळाच्या निधीला सढळ हाताने मदत करा, ही विनंती.