फ्रेंच टोस्ट मधोमध ओला का राहतो?

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. सूनबाई फॉल सुरू झाला की भोपळा आणि दालचिनी घालून ट्रेभर फ्रेंच टोस्ट भाजते. रात्री भिजवायचा, सकाळी ओव्हनमध्ये. वरून खरपूस होतो, पण मध्ये नुसता गिच्च गोळा. पाव मुद्दाम शिळा घेतो, तरी असं का?

उत्तर : शिळा पाव आणि सुकलेला पाव यांत फरक आहे, आणि गोम तिथेच आहे. पिशवीत बांधून ठेवलेला पाव शिळा होतो म्हणजे त्यातल्या पिठूळ स्टार्चची घडी पुन्हा घट्ट बसते. पाणी बरंचसं आतच राहतं. म्हणून तर असा पाव गरम केला की पुन्हा मऊ पडतो. तुमच्या ट्रेमध्ये नेमकं तेच होतं. आधीच ओलसर असलेला पाव दूध शोषणार किती? उरलेलं दूध तळाशी साचतं. तेव्हा पावाचे इंचभर तुकडे करून 300 अंश फॅरनहाइटवर पंधरा-वीस मिनिटं वाळवा, मधे एकदा परता. रंग यायला नको. तुकडा दाबला की आतूनही कडक लागला पाहिजे. ब्रियोश किंवा हाल्ला मिळाला तर उत्तम. साधा सँडविच ब्रेड या कामाला फार लेचापेचा.

दुसरा संशयित भोपळा. अमेरिकेत डब्यात मिळणारा गर हॅलोविनला कोरतात त्या नारिंगी भोपळ्याचा बहुधा नसतो. आपल्या लाल भोपळ्याच्या जवळच्या जातीचा असतो आणि चांगला घट्ट असतो. डब्यावर ‘पाय फिलिंग’ लिहिलेलं असेल तर तो परत ठेवा, त्यात साखर-मसाला आधीच असतो. भोपळा घरी उकडत असाल तर गर फडक्यावर टांगून निथळू द्या, नाहीतर कढईत परतून आटवा.

नऊ बाय तेराच्या ट्रेला साधारण 450 ग्रॅम पाव, 6 अंडी, 2 कप दूध, 1 कप गर, अर्धा कप ब्राउन शुगर, चिमूटभर मीठ. दालचिनी दीड चमचा, सुंठ अर्धा, जायफळ पाव चमचा, लवंगेची पूड अगदी नखभर. ‘पम्पकिन स्पाइस’ची बाटली आणायची गरज नाही. तो भोपळ्याचा नव्हे, भोपळ्यासाठीचा मसाला. स्टारबक्सने 2003 मध्ये आणलेल्या त्या प्रसिद्ध ‘पम्पकिन स्पाइस लाटे’ कॉफीतही 2015 पर्यंत भोपळा नव्हताच! जायफळ मात्र ताजं किसा. इकडून नेलं असेल तर सुनेला हेवा वाटेल.

सकाळी ट्रे अर्धा तास बाहेर ठेवा. काचेचा असेल तर थंडगार थेट तापल्या ओव्हनमध्ये ढकलू नका, तडकेल. 350 अंशांवर 45 ते 50 मिनिटं, शेवटची पंधरा मिनिटं वरचा फॉइल काढून. वरच्या रंगावर विसंबू नका, साखरेमुळे तो लवकर येतो. मधोमध सुरी खुपसा. दुधाळ काही लागलं तर आणखी पाच-सात मिनिटं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी निदान 160 अंश हवेत. फार पुढेही जाऊ देऊ नका, अंडं आवळलं की पाणी सोडतं आणि पुन्हा तोच गिच्चपणा.

मेपल सिरप ताटात घ्यायचं, ट्रेवर ओतायचं नाही.