मयताच्या नोंदीचा माग

तापीकाठच्या रेल्वेने धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून सुरतेस आलेली, उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावलेली, आणि तरीही शेताचा सातबारा, कुळाचे देव व घरची कार्ये गावाकडेच ठेवून असलेली जी असंख्य मराठी कुटुंबे आहेत, त्यांच्यापैकी एखाद्या घरी मृत्यू घडला म्हणजे अंत्यविधी सुरतेत होतो, उत्तरकार्य गावी होते, आणि सरकारी नोंद कोठे झाली हे विचारण्याचे भान त्या दुःखात कोणासच राहत नाही. पुढे एक पिढी उलटल्यावर जमिनीवर वारस लावण्याचा प्रसंग येतो, तलाठी मृत्यूचा दाखला मागतो, आणि तेव्हा घरातील वृद्धांच्या स्मरणावाचून हाती काहीही उरलेले नसते.

माझ्या चुलत आजोबांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ते उधन्यास यंत्रमागावर कामाला होते आणि 1974 च्या पावसाळ्यात वारले. शिंदखेडा तालुक्यातील त्यांची थोडकी कोरडवाहू जमीन त्यांच्याच नावे राहिली होती. घरातील सर्वांना त्यांचा दहावा आठवत होता, नदीकाठी जमलेले भाऊबंद आठवत होते. आणि दहावा ज्या अर्थी गावी झाला त्या अर्थी मृत्यूही गावीच झाला असला पाहिजे, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ग्रामपंचायतीच्या पुस्तकात नोंद नव्हती. मृत्यूची बातमी नातलगांना पोस्टकार्डाने गेली होती खरी. पण तसले कार्ड वाचून होताच फाडून टाकावे, घरात ठेवू नये, असा आपल्याकडील शिरस्ता असल्यामुळे तेही कोणाकडे सापडले नाही. अखेर माग लागला तो नाशिकास, रामकुंडाजवळच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. अस्थिविसर्जनास गेलेल्या थोरल्या काकांनी स्वहस्ते लिहिलेल्या ओळीत शक व तिथी होती, आणि आजोबा ‘सुरत मुक्कामी वारले’ असे स्पष्ट शब्द होते. त्या तीन शब्दांनी शोधाची दिशाच बदलली. उधन्यास राहणारे आजोबा शहरातील इस्पितळात वारले होते, आणि त्यांची नोंद सुरतेच्याच दप्तरात, गुजराती अक्षरांत, नावापुढे ‘भाई’ लावून, वडिलांच्या नावाची जागा कोरी ठेवून, पन्नास वर्षे पडून होती.

या अनुभवातून जे शिकलो ते येथे क्रमाने सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा जो कायदा गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत 1970 पासून अंमलात आहे, त्याचा मूळ सिद्धांत असा की मृत्यूची नोंद मयत जेथला रहिवासी होता तेथे होत नसून मृत्यू जेथे घडला तेथे होते. घरी मृत्यू आला तर खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर किंवा निकटच्या नातलगावर असते, इस्पितळात आला तर तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यावर. आजारी माणसाला गावी नेत असता वाटेतच प्राण गेला, तर वाहन जेथे प्रथम थांबेल तेथे खबर द्यावी असा नियम आहे. ज्या नवापूर स्थानकाचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात आहे, त्या मार्गाने जाणाऱ्यांनी तर तो विशेषच ध्यानी ठेवावा. तेव्हा घरच्या वृद्धांना ‘कधी वारले?’ या प्रश्नाच्याही आधी ‘कोठे वारले?’ हे विचारावे, आणि इस्पितळ, घर की वाट यांचा उलगडा होईपर्यंत विचारीत राहावे.

स्थळ ठरले की तारखेकडे वळावे. वृद्धांचे स्मरण सणाला बांधलेले असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, किंवा गौरी उठल्या त्या सांजेला, असे ते सांगतात. ते तुच्छ मानू नये, कारण त्या वर्षीचे पंचांग मिळाले की सणावरून तारीख निघते. शकाच्या अंकात 78 मिळवावे, जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत 79. गुजराती लेखात विक्रम संवत असेल तर दिवाळीपूर्वीच्या तिथीसाठी त्यातून 56 वजा करावे आणि दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत 57.

वृत्तपत्रांतील निधनवार्ता हाही एक चांगला दुवा आहे. सुरतेचे ‘गुजरातमित्र’ 1863 पासून निघत आहे, आणि गुजराती पत्रांतून ‘अवसान नोंध’ व ‘बेसणुं’ या मथळ्यांखाली शोकवार्ता छापण्याची रीत जुनी आहे. मात्र बेसण्याच्या, म्हणजे शोकभेटीच्या बैठकीच्या, जाहिरातीत ठळकपणे छापलेला दिवस हा बेसण्याचा असतो, मृत्यूचा नव्हे. त्याचप्रमाणे आपल्या खानदेशी पत्रिकेत ‘गंधमुक्ती’ किंवा ‘उत्तरकार्य’ यांची तारीख मोठ्या अक्षरांत असते आणि मृत्यूची बारीक अक्षरांत, कित्येकदा नसतेही. बेसण्याची किंवा उत्तरकार्याची तारीख अर्जात तशीच उतरवून देणाराला ‘नोंद नाही’ एवढेच उत्तर मिळते. शिवाय निधनवार्ता किंवा स्मशानाची पावती हा शोधाचा आधार असला तरी दाखल्याच्या जागी ती कोणीही स्वीकारीत नाही.

आता अर्जाविषयी. कायद्याच्या 17 व्या कलमान्वये कोणाही इसमास ठरलेली फी भरून नोंदवहीचा शोध करविता येतो व उताऱ्याची नक्कल मागता येते. त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र उघड केले जात नाही. सुरतेत जन्म-मृत्यूचे काम महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयांतून चालते. परंतु शहराची हद्द वेळोवेळी वाढली, 2006 व 2020 साली तर पुष्कळ गावे तीत सामील झाली, म्हणून जुन्या मृत्यूच्या वेळी ती वस्ती कोणत्या पंचायतीकडे होती आणि तिची पुस्तके हल्ली कोणत्या कार्यालयात आहेत, हे प्रथम विचारून घ्यावे. अर्जात एकच तारीख न लिहिता मागचा-पुढचा काळ द्यावा आणि नावाची सर्व संभाव्य रूपे लिहावी. पुरुषाच्या नावापुढे ‘भाई’, स्त्रीच्या नावापुढे ‘बेन’, आडनाव आरंभी, गावाचे नाव ऐकीव उच्चाराप्रमाणे, हे तेथे सर्रास आढळते. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस इंग्रजीत ‘डी’पासून लिहितो आणि गुजराती कारकून ‘जी’पासून, साहजिकच संगणकावर एका अक्षराखाली शोधलेला मयत दुसऱ्याखाली निघतो. गावाकडील शोधात 1970 च्या पूर्वीच्या मृत्यूंसाठी तहसील कचेरीतील गाव नमुना 14, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, पाहावे. त्यातील जुनी पाने बहुधा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा बरोबर असलेला बरा.

नोंद सापडली पण चुकीची निघाली, तर 15 व्या कलमाखाली दुरुस्ती होते. आमच्या आजोबांच्या वडिलांचे नाव पुराव्यानिशी तसेच लावून घेतले. नोंदच न सापडल्यास कारकुनाच्या तोंडी नकारावर परत फिरू नये. ‘नोंद आढळून येत नाही’ असा लेखी दाखला मागून घ्यावा, कारण उशिराच्या नोंदीसाठी पुढे तोच उपयोगी पडतो. खबर देण्याची मुदत 21 दिवसांची. त्यापुढे 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. हा हुकूम पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत असत. ऑक्टोबर 2023 पासून तो जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून, अथवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून मिळतो. कचेरीच्या दारात ‘दोन दिवसांत दाखला काढून देतो’ म्हणणारे जे दलाल उभे असतात त्यांच्या नादी लागू नये. खोट्या दाखल्यावर झालेला फेरफार रद्द होतो आणि वर फौजदारी मागे लागते.

सुरतेतच, कतारगामच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत जॉर्ज ऑक्झेंडनची भव्य छत्री आहे. शिवाजी महाराजांनी 1664 साली सुरतेवर स्वारी केली तेव्हा तो इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता, आणि 1669 साली तो वारला. धनवंत परकीयाच्या मृत्यूचे साल शोधण्यास दगड आहे; यंत्रमागावर आयुष्य झिजविलेल्या आपल्या माणसाच्या वाट्यास मात्र सरकारी वहीतील एक ओळ येते, आणि तीही नातलगांनी आठवणीने करून घेतली तरच.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. घरात मृत्यू झाला तर दहाव्याच्या तयारीबरोबरच एका जाणत्या माणसाकडे नोंदीचे काम सोपवावे. दाखला हाती येताच नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव व तारीख यांची रुजुवात तेथेच करावी. आणि त्याची एक प्रत सुरतेस व एक गावी ठेवावी, कारण ऑगस्ट 2006 च्या पुरात सुरतेत कितीकांच्या ट्रंकांतील कागदांचा लगदा झाला. ज्यांच्या घरी जुन्या मृत्यूचा दाखला अद्याप नाही, त्यांनी घरातील वृद्ध बोलते आहेत तोवरच त्यांना विचारून स्थळ, सण आणि इस्पितळ लिहून घ्यावे.