आधी बस

अकोल्याला आमच्या घरी मे महिन्यात कुणी उन्हातून आलं, की आजी त्याला लगेच पाणी देत नसे. "आधी बस," म्हणायची. ओसरीवर सावलीत बसवायची, हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि अंगावरचा घाम वाळला की मग माठातल्या पाण्याचा पेला पुढे करायची. मी त्याच घरात वाढले. तरीही गेल्या जानेवारीत, न्यू जर्सीला लेकीकडे असताना, मी ते विसरले आणि एका तापवलेल्या बंद खोलीत चक्कर येऊन कोसळले. 'हॉट योगा'च्या पहिल्या वर्गाला निघालेल्या कुणावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

लेक आठवड्यातून दोनदा या वर्गाला जाते. बाहेर गुडघाभर बर्फ, फिरायला जाणं बंद, माझे सांधे आखडलेले. ती म्हणाली, "आई, तू वीस वर्षं आसनं करतेस. तुला काही जड जाणार नाही." मलाही तसंच वाटलं. खोलीचं तापमान १०५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले साडेचाळीस सेल्सियस. अकोल्यात एप्रिललाच पारा तिथे जातो. त्यात भिण्यासारखं काय, असं मी मनाशी म्हटलं. माझी पहिली चूक तीच.

हा प्रकार अमेरिकेत रुजवला तो मूळच्या कोलकात्याच्या बिक्रम चौधरी यांनी, १९७० च्या दशकात. त्यांच्या ठरीव क्रमात श्वासाचे २ प्रकार धरून २६ आसनं असतात, वर्ग ९० मिनिटांचा आणि हवेतली आर्द्रता साधारण ४० टक्के. आज 'हॉट योगा' या नावाखाली इतरही बरेच प्रकार चालतात. कुठे खोली कमी तापवतात, कुठे वर्ग तासाभराचा असतो. आमचा वर्ग पूर्ण ९० मिनिटांचा होता.

दार उघडताच ओल्या, गरम हवेचा लोट तोंडावर आला. समोर भिंतभर आरसा होता. शिक्षिका म्हणाल्या, "पहिल्यांदा आलेल्यांनी एकच करायचं, शेवटपर्यंत खोलीत थांबायचं." त्यांचा हेतू धीर देण्याचा असेल, पण मी तो हुकूम मानला. दहाव्या मिनिटाला कोपरावरून घामाचे थेंब चटईवर टपटपू लागले. एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल हातात धरायचं होतं, तर घोटा हातातून निसटत होता. अर्ध्या तासानं स्वतःच्या छातीचे ठोके कानात ऐकू यायला लागले, बोटांना मुंग्या आल्या. आरशात आधी लालबुंद दिसणारा माझा चेहरा पांढरा पडत चालला होता. शरीर स्पष्ट सांगत होतं. पण आजूबाजूचे सगळे उभे होते आणि लेकीला वाटेल, आईला झेपलं नाही. भीड ही भिकेची बहीण, ती अशी.

मग पाय फाकवून, कमरेतून वाकून डोकं जमिनीकडे न्यायचं आसन आलं. "आता वर या," हे शब्द मी ऐकले. वर आले तशा डोळ्यांपुढे काळ्या माशा फिरायला लागल्या आणि शिक्षिकेचा आवाज लांब लांब गेला. त्यानंतरचं आठवतं ते गालाखालचा ओला टॉवेल आणि लेकीची "आई, आई" अशी हाक. त्यांनी मला बाहेरच्या गार जागेत आणलं, पाय बाकावर उंच ठेवले, जरा सावरल्यावर घोट घोट पाणी दिलं. बरं वाटायला अर्धा तास लागला. डोकं संध्याकाळपर्यंत ठणकत होतं.

पुढे डॉक्टरांशी बोलल्यावर एकेक गोष्ट उलगडत गेली. घामानं अंग गार होतं ते घाम वाळताना. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं; तोच माठ पावसाळ्याच्या दमट हवेत तितकासा गार होत नाही. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात घाम अंगावर वाळतो. त्या खोलीत तो वाळण्याआधीच खाली गळत होता, म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ जात होतं, पण थंडावा तितका मिळत नव्हता. शिवाय उन्हाची सवय शरीराला कायमची होत नाही. ती अंगात मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि थंडीत राहिलं की काही आठवड्यांत ओसरते. मी तर दोन महिने बर्फात होते. आणि खरं म्हणजे अकोल्यातही आम्ही भर दुपारी दारं लावून, वाळ्याच्या ताटीआड पडून राहायचो. त्या उन्हात दंड-बैठका कुणी काढत नसे.

त्यात भर माझ्या गोळीची. रक्तदाबासाठी मी लघवी वाढवणारी गोळी घेते, त्यामुळे अंगातलं पाणी आधीच बेताचं. गरम हवेत कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब आणखी उतरतो. अशा वेळी खाली गेलेलं डोकं झटक्यात वर आणलं, तर मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. आसनं रिकाम्या पोटी करायची, या जुन्या सवयीनं मी सकाळपासून एक कप चहावर होते, हेही भोवलंच.

म्हणून जाण्याआधी काही गोष्टी पक्क्या करा. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, कुठलीही रोजची गोळी चालू असेल, पूर्वी ऊन लागलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. गरोदर बाईनं या खोलीत जाऊच नये. ताप, जुलाब, जागरण किंवा उपवास असेल तर तो दिवस सोडा. दोन-तीन तास आधी हलकं काही खा आणि दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. वर्गात घटाघटा लिटरभर साधं पाणी पिणंही बरं नाही. घामावाटे मीठ गेलेलं असताना नुसत्या पाण्यानं रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं.

पहिल्या दिवशी चटई दाराजवळ टाका आणि शिक्षकांना आधीच सांगा, "मी नवीन आहे, लागेल तेव्हा बसेन, बाहेरही जाईन." याला जे नको म्हणतील, त्यांच्या वर्गात थांबू नका. वाग्भटानं 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या ग्रंथात व्यायाम निम्म्या शक्तीनंच करायला सांगितलाय, तोही थंडीत आणि वसंतात; एरवी त्याहून कमी. हा हिशेब इथे धरा. वाकलेल्या स्थितीतून सावकाश वर या. गरमीत स्नायू सैल वाटतात, म्हणून नेहमीपेक्षा जास्त ताणू नका. स्नायू दुखावल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं. घामावाटे विष निघून जातं, या बोलण्यावरही विसंबू नका. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. रक्त साफ करायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. वर्गानंतर काट्यावर कमी दिसलेलं वजन पाणी प्यालं की परत येतं.

डोकं हलकं होणं, मळमळ, अंगावर काटा, पायात गोळे, कानात ठोके, यांतलं एक जरी जाणवलं तर खाली बसा, मग बाहेर या. गार जागी पाय उंच करून पडा, शुद्धीवर असाल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्या. शेजारचं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, चटका बसावा इतकं अंग तापलं, किंवा शुद्ध हरपून लगेच परत आली नाही, तर तो उष्माघात समजा. वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा, महाराष्ट्रात १०८, अमेरिकेत ९११. ती येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

मी आता साध्या हवेतच आसनं करते. लेकीनं तिचा वर्ग सोडलेला नाही आणि तो तिनं सोडावा असंही मला वाटत नाही. ती तरुण आहे, तिला तो मानवतो. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "आई, आज मला मध्येच गरगरलं. तुझी आठवण आली आणि मी सरळ खाली बसले. शेजारी एक नवी मुलगी होती, पांढरीफटक पडलेली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तीही बसली."