मीटरचा काटा खोटा असेल तर

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक ड्रायव्हरदादा येतात. त्यांचा स्वतःचा छोटा टेम्पो आहे. आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला ते बाजाराच्या गावी पोचवतात. वीस वर्षे त्यांनी गाडी चालवली, ती अंक न वाचता. मग वेग कसा कळायचा, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “काटा सरळ उभा राहिला की बस्स. त्याच्या पुढं जाऊ द्यायचा नाही.” त्यांच्या मीटरवर सरळ वर ५० चा आकडा होता. तेव्हा त्यांचे काही चुकत नव्हते.

पुढे ते मीटर बंद पडले. दादांनी दुसऱ्या एका गाडीचे जुने मीटर आणून बसवले. त्यावर सरळ वर ७० चा आकडा होता. पण एव्हाना दादांना अंक येऊ लागले होते. आता ते ५० चा आकडा पाहून गाडी चालवत.

एका संध्याकाळी ते रागातच वर्गात आले. मोबाइलवर चलन आले होते. रस्त्यावर वेगाची हद्द ५० ची, आणि गाडी ६० ने गेली म्हणून दंड! दादा म्हणाले, “गुरुजी, शपथ घेतो, काटा ५० च्या पुढं गेलाच नाही. त्यांचं यंत्र खोटं.”

यंत्र खोटे की काटा खोटा? आम्ही म्हटले, “भांडण मागाहून. आधी मोजून तर पाहू.”

मोजण्याआधी, मीटरला वेग कळतो कसा ते समजून घ्या. बैलगाडीच्या चाकाला फडके बांधा. गाडी चालली की फडके किती वेळा वर आले ते मोजा. चाकाचा घेर ठाऊक असेल, तर गाडी किती चालली ते सांगता येते. मोटारीचे मीटर हेच करते. ते रस्ता पाहत नाही. त्याला कळतात फक्त चाकाचे फेरे.

जुन्या गाड्यांत गिअरपेटीपासून मीटरपर्यंत एक केबल गेलेली असते. गाडी चालली की केबलच्या आतली तार गरगर फिरते. तिच्या टोकाशी, मीटरच्या आत, एक लोहचुंबक असतो. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक लहान वाटी असते. दोघे एकमेकांना टेकत नाहीत, बरं का! तरीही चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. वेग जास्त, तर ओढ जास्त, आणि काटा तितका पुढे. जर्मनीत ओटो शुल्झे यांनी १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे ती जगभरच्या गाड्यांत बसली. नव्या गाड्यांत केबल नसते. तिथे चाकाचे फेरे विजेवर चालणारा सेन्सर मोजतो.

रविवारी सकाळी आम्ही दादांच्या शेजारी बसून हमरस्त्याला गेलो. हाती घड्याळ घेतले. रस्त्याच्या कडेला दर किलोमीटरला दगड असतो. राष्ट्रीय महामार्गावर त्याचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावर हिरवा. आपण अजून त्याला मैलाचा दगड म्हणतो, पण आकडा किलोमीटरचा असतो. मधे लहान दगडही दिसतात, ते धरायचे नाहीत.

दादांनी काटा ५० वर धरला. रस्ता सपाट आणि मोकळा होता. एक दगड मागे गेला तशी आम्ही वेळ पाहिली. तिथून पाचवा दगड आला तेव्हा पुन्हा पाहिली. बरोबर ५ मिनिटे झाली होती. पाच किलोमीटरला पाच मिनिटे, म्हणजे एका किलोमीटरला ६० सेकंद.

एका तासाचे ३६०० सेकंद. ३६०० ला ६० ने भागा. उत्तर ६०. गाडी ६० ने पळत होती आणि काटा ५० सांगत होता! दादा काही वेळ बोललेच नाहीत.

हा भागाकार तुम्ही पाठ करून ठेवा. किलोमीटरला ७२ सेकंद लागले तर वेग ५०. ८० सेकंद लागले तर ४५. ९० सेकंद लागले तर ४०. घड्याळ मात्र शेजारच्याने पाहावे. चालवणाऱ्याने रस्त्यावरून नजर काढू नये. मोबाइलमध्येही उपग्रहाच्या मदतीने वेग दिसतो, तोही शेजारच्याने ताडून पाहावा. बोगद्यात मात्र त्यावर विसंबू नये.

काटा बिघडायला कारणे पुष्कळ. दादांचे मीटर दुसऱ्या गाडीचे होते. त्या गाडीत किलोमीटरमागे केबलचे फेरे जास्त होत. दादांच्या टेम्पोत ते कमी होत. म्हणून काटा मागे राही. टायरमुळेही फरक पडतो. समजा, चाकाचा घेर २ मीटर आहे. ५०० फेऱ्यांत एक किलोमीटर होतो. त्या जागी २ मीटर १० सेंटिमीटर घेराचे मोठे टायर घातले, तर ५०० फेऱ्यांत १०५० मीटर होतात. काटा ६० सांगतो, गाडी पळते ६३ ने. टायर झिजले की उलटे होते. घेर कमी होतो आणि काटा थोडा जास्त दाखवतो.

थोडा जास्त दाखवणे हा बिघाड नव्हे. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम बऱ्याच देशांत पाळतात. त्याप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाचा दहावा भाग आणि वर ४, एवढाच. म्हणजे गाडी खरोखर ६० ने जात असेल, तर काटा ७० पर्यंत चालेल, ५९ चालणार नाही. कुणी म्हणतात, “काटा पाचानं जास्त दाखवतो ना, मग पाचानं जास्त पळवू.” हे आम्हांला पटत नाही. नवे टायर घातले की तो पाचाचा हिशेब राहत नाही.

दादांनी दंड भरला. वेग जास्त होता हे खरेच होते. मीटर दुरुस्त होईपर्यंत त्यांनी काच्याखाली खडूने ४० चा आकडा लिहून ठेवला, कारण काटा ४० वर असता खरा वेग ४८ होता. आम्ही तोही दगडावरून मोजून घेतला. एका वेगाला मोजले म्हणजे सगळे कळले असे धरू नये. स्प्रिंग बिघडली असेल तर प्रत्येक वेगाला चूक निराळी निघते.

पुढच्या वर्गाला दादा पाटी घेऊन बसले. त्यांना आणखी एक गोष्ट सुचली होती. किलोमीटर मोजणारे आकडेही त्याच केबलवर फिरतात. काटा ६० चे ५० करत होता, तर १२० किलोमीटरचे १०० होत असणार. आणि भाडे तर ते मीटर पाहून घेत. किलोमीटरला १५ रुपये. त्यांनी पाटीवर मांडले: १२० गुणिले १५, १,८०० रुपये. १०० गुणिले १५, १,५०० रुपये.

“एका खेपेला तीनशे रुपये, गुरुजी,” ते म्हणाले, “आणि मी चार महिने हे मीटर वापरतोय.”

मग त्यांनी पाटी पुसली आणि चार महिन्यांच्या खेपा मोजायला घेतल्या.