पाठीवर सात किलो : बोन, दोल, आर्ब्वा

युरोपचा प्रवास म्हटला की आपल्या मंडळातील बहुतेक सभासदांच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित बस, दहा दिवसांत सात देश आणि रात्री गुजराती थाळी असे चित्र उभे राहते. मीही एकदा तसा जाऊन आलो आहे. लक्षात राहिली ती मुख्यतः बसची खिडकी. म्हणून २०१९ च्या सप्टेंबरात, साठी जवळ आलेली असताना, सौ. आणि मी प्रत्येकी सात किलोची पिशवी पाठीवर घेऊन पूर्व फ्रान्समध्ये हिंडलो. त्यांतील एकाच दिवसाचा वृत्तान्त येथे देत आहे. तो दिवस मी मुद्दाम आखला होता. त्याचे कारण ओघात येईल.

आदल्या रात्री मुक्काम दिजाँच्या स्वस्त वसतिगृहात होता. अशा प्रवासाचा खर्च आवरतो तो प्रादेशिक गाड्यांमुळे. त्यांना सहसा आरक्षण लागत नाही आणि त्या लहान गावांना थांबतात. दुपारचे जेवण म्हणजे पाव, चीज आणि सफरचंद. पाणी सार्वजनिक नळाचे. ‘ओ पोताब्ल’ अशी पाटी असली की ते पिण्यास योग्य. मधुमेही बंधूंनी एवढेच करावे : बूट नवे नकोत, मोजे दोन जोड असावेत आणि दुपारी एकदा तळपाय डोळ्यांनी पाहावेत.

सकाळी बोन येथे पोहोचलो. बर्गंडीचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये येथे गरिबांसाठी रुग्णालय स्थापिले. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण दाखल झाला. रोलँने आधी इतक्यांना गरीब केले की त्यांच्यासाठी घर बांधणे त्याला भागच होते, असे अकरावा लुई म्हणाल्याचे सांगतात. ते कसेही असो, ‘गरिबांचा कक्ष’ पाहून मी स्तब्ध झालो. सुमारे ५० मीटर लांबीचे दालन, दोन्ही बाजूंस लाल पडद्यांच्या खाटांच्या रांगा आणि टोकाला प्रार्थनामंदिर. अंथरुणावरून न उठता रुग्णाला प्रार्थना दिसावी, अशी ती रचना. गर्दीच्या काळात एका खाटेवर दोघे असत. हे वाचून सौ. म्हणाली, “म्हणजे आपल्या एम. वाय. रुग्णालयासारखेच!” आणि मी हसलो खरा, पण हाउसमनशिपची वर्षे आठवून.

हे रुग्णालय १९७१ पर्यंत या इमारतीत चालले. संस्थेला दान मिळालेले द्राक्षमळे आजही तिच्याकडे आहेत. त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला असून आता तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो, आणि उत्पन्न रुग्णसेवेकडे जाते. आपल्याकडील धर्मादाय दवाखाने देणगीदाराबरोबर का मावळतात, याचे उत्तर मला त्या मळ्यांत दिसले. दात्यांनी पैसा नव्हे, पैसा देणारी जमीन दिली.

परत दिजाँवरून दोल. भर दुपारी गाव मिटलेले, संग्रहालयही बंद. कालव्याच्या काठी पाव खात बसलो. याच कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीत २७ डिसेंबर १८२२ रोजी लुई पाश्चर जन्मला. नंतर घर पाहिले. तळघरात बापाच्या धंद्याच्या खुणा आहेत. १८८३ मध्ये या घरावर फलक बसविला, तेव्हा पाश्चर स्वतः हजर होता आणि आपल्या आईवडिलांविषयी बोलला. अधिक थांबलो नाही. आर्ब्वाची गाडी चुकती तर दिवस वाया जाता.

मुशार येथे गाडी बदलावी लागली. तेथून विलेर-फार्ले हे खेडे जवळच आहे. १८८५ च्या ऑक्टोबरात तेथील झां-बाप्तिस्त ज्युपीय या मेंढपाळ पोराने लहान मुलांना वाचविण्यासाठी पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंज दिली. हात फाटले. बाप्तिस्तवर पॅरिसमध्ये लसीचे उपचार सुरू झाले ते सहा दिवसांनी, आणि तो जगला. त्याआधी जुलैत नऊ वर्षांच्या जोझेफ मायस्टरला लस दिली गेली होती. पाश्चर डॉक्टर नव्हता, म्हणून सुई ग्राँशे यांनी टोचली.

आता ते कारण. १९९१ मध्ये मी निमाडातील एका तालुक्याच्या गावी नवा दवाखाना थाटला होता. एका शेतकऱ्याने आपला आठ वर्षांचा मुलगा आणला. कुत्र्याने गाल फाडला होता, जखमेत घरच्यांनी तिखट भरले होते. बाप म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तोंडावर खूण राहू देऊ नका.” मी जखम वरवर पुसली आणि सहा नीटस टाके घातले. मग चिठ्ठी देऊन पोटातल्या चौदा इंजेक्शनांसाठी जिल्ह्याला पाठविले. ती लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली, १९११ च्या सेंपल पद्धतीची. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. मुलाने इंजेक्शने घेतली. तिसऱ्या आठवड्यात तो पाण्याला घाबरू लागला.

रेबीजचे प्रतिद्रव्य तेव्हा आमच्या तालुक्यात मिळत नसे, हे खरे. पण साबण मिळत होता. तरुण सभासदांसाठी लिहून ठेवतो : जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, त्वचा भेदली गेली असल्यास लसीबरोबर प्रतिद्रव्य जखमेतच भरावे, टाके शक्यतो टाळावेत, आणि रक्तस्राव वा विद्रूपता यांमुळे घालावेच लागले तर प्रतिद्रव्यानंतर काही तासांनी व सैल. टाक्यांच्या सुईने विषाणूला नवे मज्जातंतू मिळतात. माझे टाके फार सुबक होते.

आर्ब्वाला पोहोचलो तेव्हा घर बंद व्हायला तासभर उरला होता. क्विझाँस नदीच्या काठचे हे घर. पाश्चर येथेच वाढला आणि पुढे सुट्टीत येऊन येथेच प्रयोग करी. तो आठ वर्षांचा असताना, १८३१ मध्ये, पिसाळलेल्या लांडग्याने परिसरातील माणसांना चावे घेतले होते. घराजवळच्या लोहारशाळेत तापल्या लोखंडाने जखमा डागत असताना उठलेल्या किंकाळ्या त्याने ऐकल्या होत्या. आपल्याकडेही अजून डागतात.

प्रयोगशाळेच्या दारात उभा असताना मला लुईझ पेलतिए आठवत होती. दहा वर्षांची मुलगी, डोक्याला चावा, आणि आणली ती ३७ दिवसांनी. उशीर झाला आहे आणि अपयशाने लसीचेच नाव जाईल, हे पाश्चरला कळत होते. तरी त्याने उपचार केले. ३ डिसेंबर १८८५ रोजी ती गेली.

सहा वाजता रखवालदार बाईंनी घंटा वाजविली. भाड्याची खोली चढावर होती. वाटेत मी सौ.ला त्या मुलाचे नाव सांगितले. २८ वर्षांत ते घरी कधी उच्चारले नव्हते. ती काही बोलली नाही. खोलीवर गेल्यावर तिने माझ्या टाचेचा फोड पाहिला आणि साबणाची वडी पुढे केली.